शिरस्त्राणाची निवड व पारख

मोटारसायकल किंवा स्कूटर चालविणाऱ्याने शिरस्त्राण, म्हणजे ज्यास आपण व्यवहारात हेल्मेट म्हणतो ते, वापरावे हे आता कोणास निराळे सांगावयास नको. मोटार वाहन अधिनियमाच्या १२९ व्या कलमाने ते सक्तीचे केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार ही सक्ती चार वर्षांवरील प्रत्येक स्वारास, मागे बसणाऱ्यासही, लागू आहे. पगडी धारण करणाऱ्या शीख स्वारांस मात्र तीतून सूट आहे. तरीही २०२२ ह्या एका वर्षात शिरस्त्राण न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आपल्या देशात अपघातांत मरण पावले, असे केंद्र शासनाच्या अहवालात नमूद आहे. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

परंतु डोक्यावर शिरस्त्राण असणे आणि त्याने डोक्याचे रक्षण होणे ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. पदपथावर ढिगाने मांडलेली स्वस्त शिरस्त्राणे पोलिसाची नजर चुकविण्यास पुरतात. रस्त्यावर डोके आपटले असता ती उपयोगी पडतीलच असे नाही. चांगले शिरस्त्राणसुद्धा मापाचे नसेल, किंवा त्याचा पट्टा मोकळा असेल, तर त्याचे बरेचसे गुण वाया जातात. असे का होते हे समजण्यासाठी आघाताच्या क्षणी काय घडते ते प्रथम पाहू.

आघात आणि थांबण्याचे अंतर

मनुष्याचा मेंदू सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा, अतिशय मऊ असा अवयव आहे. कवटीच्या आत तो द्रवाने वेढलेला असतो. डोके रस्त्यावर आदळले म्हणजे कवटी तत्क्षणी थांबते. मेंदू मात्र आपल्या पूर्वीच्या गतीने पुढे जाऊ पाहतो. तो आतून कवटीवर आपटतो, ताणला जातो, पिळवटला जातो. कवटीस भेग न पडताही मेंदूस प्राणघातक इजा होऊ शकते, ती ह्यामुळे.

ही इजा कितपत होईल हे मुख्यतः डोके किती अंतरात थांबते ह्यावर अवलंबून असते. ह्याचे गणित सोपे आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, असा भागाकार केला की थांबताना डोक्यावर पडणारा सरासरी ताण गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते कळते. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते असे धरू. इतक्या उंचीवरून पडणारे डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीस लागते. उघडे डोके डांबरी रस्त्यावर ३ मिलिमीटरांत थांबले, तर भागाकार ५०० येतो. तेच डोके ३ सेंटिमीटरांत थांबले, तर तो ५० येतो. पडणे तेच, वेग तोच. पण थांबण्यास दहापट अंतर मिळाल्याने ताण एक दशांश झाला.

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता हे उदाहरण कसे लागू पडेल, अशी शंका येथे वाचकाच्या मनात येईल. स्वार मोकळ्या रस्त्यावर पडतो तेव्हा त्याचा आडवा वेग बहुधा घसरण्यात खर्च होतो. डोके जमिनीवर आदळते ते मुख्यतः उभ्या वेगाने. खांब, भिंत किंवा समोरची मोटार आड आली म्हणजे मात्र हा हिशेब बदलतो. तेथे कोणत्याही शिरस्त्राणास मर्यादा आहेत, आणि तेथे कमी वेग हेच खरे संरक्षण होय.

कवच आणि अस्तर

ह्यावरून शिरस्त्राणाचे कार्य ध्यानात येते. पुष्कळ लोक दुकानात शिरस्त्राण हाती घेऊन त्याच्या कवचावर टिचक्या मारतात आणि कठीण लागले की ते मजबूत समजतात. कवचाचे काम महत्त्वाचे आहे खरे: ते अणकुचीदार वस्तू आत शिरू देत नाही, आघात अधिक क्षेत्रावर पसरविते आणि रस्त्यावर अडकून न राहता घसरते. परंतु थांबण्याचे अंतर मिळते ते आतील जाड, पांढऱ्या अथवा काळ्या अस्तरामुळे. हे अस्तर फुगविलेल्या पॉलिस्टायरीनचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या थर्माकोलच्या जातीच्या पदार्थाचे असते. आघाताने ते चिरडते, आणि चिरडता चिरडता डोक्याची गती शोषून घेते. ज्या शिरस्त्राणात कवचाच्या आत केवळ पातळ स्पंज आणि कापड आहे, ते डोक्यास असे अंतर देऊ शकत नाही. टाळूपुरत्या टोपीवजा शिरस्त्राणात कानशिले व मागचा भाग उघडे राहतात. हनुवटीसह सर्व चेहरा झाकणारे शिरस्त्राण सर्वांत अधिक संरक्षण देते.

हे ज्ञान हळूहळू मिळत गेले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून विख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून पडले आणि डोक्यास झालेल्या इजेने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे शल्यविशारद होते. पुढे महायुद्धाच्या काळात केर्न्स ह्यांनी मोटारसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाचे महत्त्व दाखविणारा निबंध १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सेनेने आपल्या निरोप्या स्वारांस शिरस्त्राण सक्तीचे केले. आघात शोषणाऱ्या, चिरडणाऱ्या अस्तराच्या शिरस्त्राणाचे एकस्व अमेरिकेत रॉथ आणि लोंबार्ड ह्यांस १९५३ मध्ये मिळाले. आजचे शिरस्त्राण त्याच तत्त्वावर बनते. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेण्यात आला. शिरस्त्राणामुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

माप कसे घ्यावे

शिरस्त्राण सैल असेल तर काय होते? ते रस्त्यास लागून थांबते, पण आतील डोके मधल्या पोकळीतून पुढे जाऊन मग अस्तरावर आदळते. शिवाय सैल शिरस्त्राण फिरते. ते डोळ्यांवर उतरते किंवा मागे सरकून कपाळ उघडे पाडते. पहिल्या धक्क्याने ते निघून गेले, तर दुसऱ्या धक्क्यास डोके उघडेच सापडते.

म्हणून माप घेऊनच खरेदी करावी. शिंप्याची टेप भुवयांच्या वर सुमारे दोन सेंटिमीटर अंतरावर कपाळाभोवती धरावी आणि कानांच्या वरून नेऊन डोक्यामागील सर्वांत फुगीर भागाभोवती आणावी. दोनतीन वेळा मोजून येणारे मोठ्यात मोठे माप ते आपले माप. मात्र केवळ ह्या आकड्यावर विसंबू नये. कोणाचे डोके लांबट असते, कोणाचे वाटोळे. एकाच ५८ सेंटिमीटर मापाची दोन डोकी एकाच शिरस्त्राणात सारखी बसत नाहीत. ज्यास ते घालावयाचे आहे त्याने स्वतः दुकानात जावे. अंबाडा वा उंच बांधलेले केस असतील तर शिरस्त्राण खाली उतरत नाही. अशा वेळी केस मानेपाशी सैल वेणीत घ्यावे.

घालून पाहताना पुढील कसोट्या लावाव्या :

१. शिरस्त्राण कपाळावर सरळ, भुवयांच्या किंचित वर बसावे. टाळूवर आत पोकळी राहू नये.

२. गालांच्या गाद्या गालांस दाबून बसाव्या. नव्या गाद्या वापराने थोड्या दबतात. म्हणून प्रारंभी बेताचा घट्टपणा इष्टच होय.

३. शिरस्त्राण दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे व वरखाली हलवावे. त्याबरोबर कपाळाची व गालांची त्वचा ओढली गेली पाहिजे. त्वचा जागीच राहून शिरस्त्राण फिरले, तर ते मोठे आहे.

४. पट्टा आवळून, मागच्या कडेस हात घालून ते पुढे उलथून काढण्याचा प्रयत्न करावा. ते निघाले, तर कितीही सुबक असले तरी परत करावे.

५. दहापंधरा मिनिटे ते डोक्यावर तसेच राहू द्यावे. कपाळावर एखाद्याच ठिकाणी कळ लागली किंवा लाल वळ उठला, तर त्याचा आकार आपल्या डोक्याचा नाही. असे शिरस्त्राण पुढे हातात किंवा आरशावर अडकविलेलेच राहते.

पट्टा हनुवटीखाली इतका आवळावा की त्यात एखाददुसरे बोट कसेबसे जाईल. न लावलेल्या पट्ट्याचे शिरस्त्राण म्हणजे डोक्यावर ठेवलेली टोपी. नागपूर किंवा हैदराबाद येथील उन्हाळ्यात पट्टा सोडून ठेवण्याचा मोह होतो. त्यावर उपाय म्हणजे वायुवीजनाची छिद्रे असलेले, हलक्या रंगाचे शिरस्त्राण निवडणे आणि आतील कापड धुता येईल असे पाहणे. घामासाठी जाड रुमाल गुंडाळल्यास माप बदलते. पातळ सुती टोपी पुरे.

चिन्ह व निगा

भारतात दुचाकीस्वारांच्या शिरस्त्राणाचे मानक आय. एस. ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. आय. चिन्ह नसलेले असे शिरस्त्राण बनविणे व विकणे बेकायदेशीर आहे. परंतु चिन्ह खोटेही छापता येते. म्हणून त्याजवळ मानकाचा क्रमांक आणि सी. एम./एल. ह्या अक्षरांनी आरंभ होणारा परवाना क्रमांक आहे की नाही हे पाहावे. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ ह्या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो.

एकदा चिरडलेले अस्तर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघातात सापडलेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, आणि ह्याच कारणाने वापरलेले शिरस्त्राण विकत घेऊ नये. पेट्रोल व थिनर ह्यांनी अस्तर झिजते आणि काही कवचेही कमजोर होतात. स्वच्छतेस साधे साबणाचे पाणी घ्यावे. घाम, ऊन आणि रोजची हाताळणी ह्यांनी सर्व भाग हळूहळू जीर्ण होतात, म्हणून सुमारे पाच वर्षांनी नवे घेणे श्रेयस्कर.

घरात दोन माणसे एका गाडीवर बसत असतील, तर शिरस्त्राणेही दोन, आणि ज्याच्या त्याच्या मापाची हवीत. मुलास वडिलांचे जुने शिरस्त्राण देणे म्हणजे त्याच्या डोक्याभोवती पोकळी ठेवणे होय. त्यास बरोबर नेऊन, माप घेऊन, त्याचे त्यास निराळे घ्यावे.