चिरा, चुना आणि वहिवाट

सावंतवाडी म्हटलं की आधी मोती तलाव आठवतो. काठावर सावंत-भोसल्यांचा राजवाडा. तिथे दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. थोडं आत वळलं की चितारआळीतली लाकडी खेळणी. अशा गावात एखादं जुनं कौलारू घर विकायला निघालं की बहुतेक जण विचारतात, किती वर्षं जुनं आहे? उत्तर ऐकून भाव पाडतात. काळाने घर झिजतं हे खरंच. पण याच काळाने त्या घरात काय काय घडवलंय, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

भिंतीपासून सुरुवात करू. गिलावा उडालेल्या जागी जांभ्याचा चिरा दिसतो: तांबडा, मध्येच पिवळसर, भोकाभोकांचा. उष्ण, दमट हवेत मुसळधार पावसाने लाखो वर्षं मूळ खडक धुऊन काढला. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेलं; लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. तोच जांभा. खाणीतून ताजा निघालेला जांभा तासण्याइतका मऊ असतो. उघड्यावर सुकत गेला की त्यातलं लोह घट्ट धरतं आणि चिरा कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात केरळातल्या अंगाडिपुरमच्या अशाच दगडाची नोंद केली आणि भूशास्त्रात त्याला जागा मिळाली.

चिऱ्यावरचा चुना तर त्याहून नवलाचा. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पाण्यात विरवलेला तो चुना भिंतीवर चढला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे भट्टीत मोडलेला दगड भिंतीवर नव्याने जुळतो! हा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. सच्छिद्र चिरा पाणी पिणारच. वरून सिमेंटचा जाड थर दिला, तर ते पाणी आत कोंडतं. म्हणून जोत्यालगत वाकून पाहावं. पांढरी भुकटी सुटलेली, रंगाचे पापुद्रे आलेले दिसले, तर भिंतीला लोणा लागलाय हे समजावं.

काळाचं तिसरं काम कागदावर आणि अंगणात सापडतं. मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर आजोबांच्या वारसांची नावं वाढत गेलेली असतात: कोणी मुंबईत, कोणी गोव्यात, कोणी परदेशात. त्यातल्या एकाचाच हिस्सा विकत घेतला, तर? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला एकत्र ताब्याचा हक्क मिळत नाही. पैसे मोजूनही ओटीवर बसता येणार नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, त्या यासाठी.

त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यातली तरतूद मला फार विलक्षण वाटते. शेजारी तुमच्या परड्यातून विहिरीकडे हक्काने, उघडपणे, कोणी न अडवता सलग २० वर्षं जात असेल, तर ती वाट त्याचा हक्क ठरू शकते. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचंही तसंच. खरेदीखतात याचा उल्लेख नसेल. पायाखाली मळलेली वाट मात्र स्पष्ट सांगते. पायांनी हक्क लिहिला जातो, आणि न्यायालय तो वाचतं!

तेव्हा विसार देण्याआधी घर भर आषाढात पाहावं. पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात का, वासे आणि रिपा कुठे काळवंडल्या आहेत, खांबाच्या बुडाशी वाळवीची माती आहे का, हे पाऊसच दाखवतो. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा, फेरफार वाचावेत, आणि शेजारच्या काकूंना विचारावं, इथून कोण कोण ये-जा करतं? घर आपलं झालं की गिलावा चुन्याचाच करावा. दगड घडवण्याचं हे जुनं काम मग आपल्या हाताने पुढे चालू राहील, आणि घराच्या पुढच्या शंभर वर्षांत आपलाही वाटा असेल.