धूर सोडणारा वळू

डाव्या बाजूला ३२ फूट उंचीची निळी भिंत आणि तिच्या माथ्यावर भलामोठा वळू. घरच्या संघाने होमरन मारला की त्याचे डोळे लालबुंद होतात, शेपूट हलायला लागतं आणि नाकपुड्यांतून धुराचे भपकारे निघतात. वळूच्या अंगावर लिहिलेलं आहे, ‘हिट बुल, विन स्टेक’. म्हणजे ज्याचा चेंडू वळूला लागेल, त्याला स्टेकचं जेवण. वळूच्या पायाशी गवत रंगवलंय. त्याला चेंडू लागला तर नुसतं सॅलड. आमच्या भाचीच्या सासूबाईंनी हे समजून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “मग गवताकडेच मारा म्हणावं त्यांना.” त्यांच्याकडे कांदा-लसूणसुद्धा जपून खातात.

हे नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम. रिसर्च ट्रँगलमधल्या कंपन्यांमुळे कॅरी आणि मॉरिसव्हिल या शेजारच्या गावांत मराठी कुटुंबं बरीच आहेत. नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा संध्याकाळी तिथल्या पायवाटांवर स्पोर्ट्स शूज घालून भेटतात. क्रिकेटची सोय मॉरिसव्हिलमध्ये आहेच. मेजर लीग क्रिकेटचे सामने २०२३ मध्ये तिथल्या चर्च स्ट्रीट पार्कवर झाले. पण “इथलं काहीतरी दाखव” म्हटलं की मुलं आईबापांना घेऊन येतात ती डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाच्या सामन्याला.

संघाचा इतिहास उरकून टाकतो. १९०२ मध्ये निघाला तेव्हा नाव होतं टोबॅकोनिस्ट्स, म्हणजे सरळ तंबाखूवाले. १९१३ पासून बुल्स. गावचा सगळा पैसा तंबाखूचा आणि वळूही तंबाखूच्या पुडीवरचा. निपाणीच्या वखारी पाहिलेल्या माणसाला इथल्या लाल विटांच्या गोदामांमधून हिंडताना परकं वाटत नाही. गोष्ट अशी सांगतात, की जॉन ग्रीन नावाच्या व्यापाऱ्याने कोलमन मोहरीच्या डब्यावर बैलाचं डोकं पाहिलं. ही मोहरी इंग्लंडातल्या डरहॅमची, अशी त्याची समजूत. आपलं गावही डरहॅम, म्हणून त्याने बैल उचलला. कोलमनचा कारखाना खरं तर नॉरिचला. पण धंद्यात एवढं कोण बघतो? १८६५ मध्ये यादवी युद्ध संपता संपता गावाजवळच बेनेट प्लेस इथे शरणागतीच्या वाटाघाटी झाल्या. तेवढ्या दिवसांत सैनिकांनी ग्रीनचा तंबाखू लुटला आणि घरी गेल्यावर तोच हवा म्हणून पत्रं धाडली. लूट झाली आणि फुकटात जाहिरातही.

१९२६ मध्ये नवं मैदान झालं. तेव्हा बेसबॉलचे आयुक्त असलेले न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस उद्घाटनाला खऱ्या वळूवर बसून मैदानात आले, असं सांगतात. लँडिससाहेबांचा करारी, सुरकुतलेला चेहरा फोटोत पाहिल्यावर जास्त अवघडलं कोण असेल, वळू की न्यायाधीश, हे ठरवता येत नाही. लाकडी प्रेक्षागृह १९३९ मध्ये जळालं, मग काँक्रीटचं झालं. पुढे लोकांनी घरात टीव्ही पाहायला सुरुवात केली आणि गावोगावचे छोटे संघ गळाठले. बुल्सची मोट शेजारच्या रालेशी बांधून पाहिली. १९७१ नंतर तोही संसार मोडला.

आता खरी गंमत. १९८० मध्ये माइल्स वुल्फ या माणसाने अवघ्या २,४१७ डॉलरांत हक्क घेऊन संघ पुन्हा उभा केला. गावचाच थॉम माउंट हा सिनेनिर्माता संघात भागीदार होता. त्याच्याकडे रॉन शेल्टन पटकथा घेऊन आला. शेल्टन स्वतः पाच वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या खालच्या स्तरांवर खेळलेला, सर्वोच्च मेजर लीगच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन परतलेला. अशा माणसाला बसचे प्रवास, भाड्याच्या खोल्या आणि वय वाढलेल्या खेळाडूची घालमेल कुणाला विचारावी लागत नाही. १९८८ चा ‘बुल डरहॅम’ त्यातून आला. केव्हिन कॉस्नर, सुसान सरँडन, टिम रॉबिन्स. चित्रपटातला उन्हाळा खरा नव्हे. चित्रण १९८७ च्या शरद ऋतूत झालं आणि पिवळं पडलेलं गवत हिरवं रंगवावं लागलं. धूर सोडणारा वळूही कलादिग्दर्शनातलाच. चित्रपटवाले गेले, वळू राहिला. आज भिंतीवर आहे तो त्याचा नवा अवतार.

नायकाचं नाव क्रॅश डेव्हिस. ते शेल्टनला जुन्या विक्रमांच्या पुस्तकात सापडलं: लॉरेन्स ‘क्रॅश’ डेव्हिस, १९४८ मध्ये बुल्सकडून खेळताना ५० डबल्स (दुसऱ्या तळापर्यंत पोहोचवणारे फटके) मारून कॅरोलिना लीगमध्ये पहिला. खेळ सोडून बरीच वर्षं झालेला हा गृहस्थ हयात निघाला, त्याची परवानगी घेतली गेली आणि म्हातारपणी त्याला अचानक प्रसिद्धी मिळाली. शेल्टनने पुढे ‘कॉब’ चित्रपटात त्याला छोटी भूमिकाही दिली. २००१ मध्ये तो गेला. चित्रपटातल्या क्रॅशचा ८ क्रमांक संघाने कायमचा बाजूला ठेवलाय. माझ्या रांगेत कॉस्नरचं नाव पाठीवर छापलेला टी-शर्ट घातलेला एक तरुण होता. त्याला हे सांगितलं, तर त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

चित्रपटाने गर्दी आणली. जुनं मैदान पुरेना. १९९० मध्ये नव्या मैदानासाठी कर्ज काढायचं का, असा कौल घेतला, तर मतदारांनी चक्क नाही म्हटलं. नवे मालक जिम गुडमन संघ उचलून विमानतळाकडे न्यायच्या बेतात होते. शेवटी नगरपालिकेने दुसऱ्या वाटेने पैसे उभे केले आणि १९९५ मध्ये गावाच्या मध्यावर आजचं मैदान उघडलं. समोरचा अमेरिकन टोबॅकोचा कारखाना १९८७ लाच बंद पडला होता. गुडमन यांच्याच कंपनीने तो दुरुस्त करून २००४ मध्ये तिथे कार्यालयं आणि हॉटेलं थाटली. ‘लकी स्ट्राइक’ लिहिलेली चिमणी अजून उभी आहे. तिच्याखाली लोक सहा-सात डॉलरांची कॉफी पितात. गाव वाचलं हे खरं. पण घरभाडी अशी चढली, की जुनी माणसं बाहेर फेकली गेली, असं दाराशी तिकिटं तपासणारे एक आजोबा म्हणाले. पन्नास वर्षांपूर्वी वाऱ्याबरोबर भाजलेल्या तंबाखूचा गोडसर वास यायचा, हेही त्यांनीच सांगितलं.

ते आजोबा कृष्णवर्णीय. जुन्या मैदानावर त्यांच्या वडलांना वेगळ्या बाकांवर बसावं लागे. बुल्समध्ये पहिले काळे खेळाडू आले ते १९५७ मध्ये, बबा मॉर्टन आणि टेड रिचर्डसन. त्याच वर्षी जूनमध्ये याच गावात रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागी काही काळी माणसं जाऊन बसली आणि अटकेत गेली. ग्रीन्सबरोच्या अशाच गाजलेल्या सत्याग्रहाच्या जवळपास तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मैदानावरच्या दुकानात वळूचे मग, टोप्या, झबली सगळं मिळतं. ही गोष्ट कुठे लिहिलेली माझ्या तरी नजरेस पडली नाही. जो मॉर्गन १९६३ मध्ये इथे खेळला, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याचा १८ क्रमांक मात्र मानाने लावलाय.

बुल्स ‘ट्रिपल ए’ संघ, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली. १९९८ पासून ते टँपा बे रेजच्या हाताखाली आहेत. खेळाडू रेजचे, पगार रेजचा. एखादा चमकला की वरून फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं लॉकर रिकामं. लोंगोरिया, प्राइस, स्नेल सगळे इथून असेच गेले. त्यामुळे २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ ट्रिपल एची राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली, तरी त्या संघातली नावं गावकऱ्यांना पटापट आठवत नाहीत. पगाराची कथा वेगळीच. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा या स्तरावरचं किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेलं. तोवर कितीजण हिवाळ्यात दुसरी नोकरी करत, ते समोर गोलंदाजी करणाऱ्या पोराकडे पाहून कळत नाही.

मेजर लीगचे प्रयोगही आधी या पोरांवर. पंचाचा निर्णय पटला नाही, तर फलंदाज हाताने हेल्मेटवर टकटक करतो. मोठ्या पडद्यावर चेंडूची रेघ उमटते, स्ट्राइकच्या चौकटीला स्पर्श झाला की नाही ते दिसतं, सगळं काही सेकंदांत. मी गेलो त्या संध्याकाळी पंचाचा निर्णय उलटला, तेव्हा होमरनइतकाच गलका झाला. सासूबाईंना हा भाग सर्वांत आवडला. चेंडू खेळात आहे की नाही याकडे दुर्लक्ष करून त्या खारे शेंगदाणे सोलत होत्या, टकटक झाली की मान वर. मधल्या वेळात वुल ई. बुल हा निळ्या अंगरख्यातला शुभंकर छोट्या मोटारगाडीतून मैदानाला चक्कर मारतो. नातू त्याच्यासाठीच आला होता.

दुसऱ्या दिवशी जुनं मैदान पाहायला गेलो. चालत वीसेक मिनिटं. टोकदार छपराची गोल तिकीट खिडकी अजून उभी आहे, चित्रपटात दिसते तीच. नगरपालिकेने मैदानाची डागडुजी केली, नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल विद्यापीठाचा संघ इथे खेळायचा; विद्यापीठाने २०२१ नंतर बेसबॉलच बंद केला. फाटकाला कुलूप होतं. सहकुटुंब आलेले आणखी एक गृहस्थ जाळीतून फोन आत घालून फोटो काढत होते. ओहायोहून खास चित्रपटासाठी आले होते. वळू कुठे आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी नव्या मैदानाचा रस्ता दाखवला आणि सोमवारी सामना नसतो हेही सांगितलं. तो सोमवारच होता.