दुसरी लेन्स घेताना

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सनंतर हौशी छायाचित्रकाराची पहिली ओढ लांब पल्ल्याच्या झूमकडे असते. चोडणच्या अभयारण्यातील पक्षी टिपायचे असतील तर ती रास्तच. एरवी घोडे अडते ते प्रकाशापाशी. शिगमोत्सवाच्या रात्रीच्या मिरवणुकीत ५५ मिमीवर ही लेन्स एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. नाचणारे पाय धूसर येतात. ५० मिमी, एफ १.८ ची साधी प्राइम लेन्स सुमारे दहापट प्रकाश आत घेते. १/१० सेकंदाचे काम १/१०० सेकंदात होते. तिला झूम नाही, पुढेमागे आपणच सरकायचे! एपीएस-सी सेन्सरवर मात्र तिची चौकट आवळते. देवळाच्या सभामंडपात ३५ मिमी बरी. खरेदीपूर्वी आपलीच जुनी छायाचित्रे संगणकावर उघडावीत; प्रत्येक छायाचित्र किती मिमीवर काढले, त्याची नोंद फाइलमध्येच असते.