छत्तीस फोटोंच्या रोलपासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली; परंतु सामान्य कुटुंबाच्या हाती कॅमेरा यायला त्यानंतर बराच काळ जावा लागला, आणि आल्यावरही कित्येक दशके तो सणासमारंभाला कपाटातून बाहेर काढण्याची वस्तू म्हणूनच राहिला. स्मार्टफोनने हे चित्र पंधरा-वीस वर्षांत पालटले. या बदलाचे वर्णन करताना सोय, स्वस्ताई आणि छायाचित्रांची अफाट संख्या यांचाच उल्लेख सहसा होतो. तथापि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, छायाचित्रासंबंधीचे निर्णय कोणी घ्यायचे आणि केव्हा घ्यायचे, याचीच फेरवाटणी या काळात झाली, आणि तिची जाणीव फोन वापरणाऱ्या फारच थोड्यांना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छायाचित्र काढणे हे रसायनशास्त्राचेच काम होते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला. त्या काळच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच छायाचित्र घ्यावे लागे आणि काच लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावी लागे; साहजिकच डॉक्टर, शिक्षक, अधिकारी आणि व्यावसायिक यांच्यापलीकडे ही कला फारशी जाऊ शकली नाही. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये बाजारात आणलेल्या कोडॅक कॅमेऱ्याने पहिली मोठी फेरवाटणी केली. त्यात शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेली असे, ती संपली की ग्राहक अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवी, आणि कंपनी छायाचित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत करी. १९०० साली त्याच कंपनीचा ब्राउनी हा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. फिल्म धुण्याचे आणि छापण्याचे काम दुसऱ्याकडे गेले. पाहण्याचे आणि कळ दाबण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

भारतात हौशी छायाचित्रण रुजले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही हळूहळू. उदकमंडलम येथे १९६० मध्ये ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या ‘इंदू’ या कृष्णधवल फिल्मने परदेशी फिल्मवरचे अवलंबित्व काहीसे कमी केले. ‘आग्फा क्लिक थ्री’ हा देशातच तयार होणारा साधा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. पुढे ३५ मि.मी. रुंदीची फिल्म सर्वत्र रूढ झाली आणि छत्तीस हा आकडा घरगुती छायाचित्रणाचे मापच होऊन बसला. रोल विकत घ्यायचा, तो धुवायला द्यायचा, मग कागदावर छापून घ्यायचा, या प्रत्येक पायरीवर पैसे मोजावे लागत असल्यामुळे कळ दाबण्याआधी विचार करणे भागच होते. बारशाचा रोल बारशातच संपवायचा की मुंजीसाठी आठ-दहा फोटो राखून ठेवायचे, पंगतीचा एक फोटो पुरे की दोन घ्यावेत, अशी चर्चा घरोघरी होत असे. अर्धा संपलेला रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने राही आणि अखेर धुतला गेला की एकाच पाकिटातून गणपती, सहल आणि एखाद्याचे लग्न असे सारे एकत्र बाहेर पडे. फोटो हलला आहे, डोळे मिटले आहेत किंवा पाहुण्यांची डोकी कापली गेली आहेत, हे तोवर कोणालाही कळत नसे. या पद्धतीत नासाडी पुष्कळ होती आणि खर्चाच्या धाकाने न काढलेली छायाचित्रे तर अगणित असतील. पण निवड आधीच झालेली असल्याने जे हाती येई ते बहुतेक सारे अल्बममध्ये लावले जाई.

फिल्मची जागा घेणाऱ्या तंत्राचा पहिला नमुना कोडॅकमध्येच तयार झाला. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये बनवलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला शंभर बाय शंभर बिंदूंचे एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला तेवीस सेकंद लागत. अशा कॅमेऱ्यात फिल्मऐवजी सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे प्रकाश पडताच विद्युत्‌भार निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घरांची पट्टी. या घरांना उजेडाचे प्रमाण कळते, रंग कळत नाही. म्हणून कोडॅकचेच शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांनी सुचवल्याप्रमाणे प्रत्येक घरावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी बसवतात आणि उरलेले दोन रंग शेजारच्या घरांवरून गणिताने काढतात. याचा अर्थ असा की, साध्या डिजिटल छायाचित्रातही रंगांची दोनतृतीयांश माहिती मोजलेली नसून हिशेबाने भरलेली असते.

जपानमध्ये २००० साली शार्प कंपनीचा कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला तेव्हा त्याची चित्रे अगदीच धूसर होती, आणि याचे कारण केवळ तंत्राची बाल्यावस्था हे नव्हते. फिल्मवरचे एक चित्र ३६ मि.मी. लांब आणि २४ मि.मी. रुंद असते, २०१८च्या सुमारास पुष्कळ चांगल्या फोनमधील मुख्य सेन्सर मात्र जेमतेम साडेपाच मि.मी. लांब व चार मि.मी. रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळाने पस्तीसपटींहून अधिक लहान. एवढ्याशा जागेत प्रकाश कमी मावतो आणि कमी प्रकाशात चित्रावर रंगीत कणांचा खच पडतो. खिशात मावणाऱ्या फोनची जाडी वाढवता येत नाही, म्हणून अभियंत्यांनी भिंगाची उणीव गणिताने भरून काढली. कॅमेरा उघडताच फोन अखंडपणे चित्रे टिपून ती तात्पुरत्या स्मृतीत ठेवू लागतो, बोट टेकले की त्यांतली काही निवडतो, हात हलल्यामुळे पडलेला फरक दूर करून ती एकमेकांवर तंतोतंत बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. कणांचा दोष प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असल्यामुळे नऊ चित्रांच्या सरासरीत तो एकतृतीयांशावर येतो. दिवाळीच्या रात्री अंगणातल्या पणत्या, रांगोळी आणि मागचा अंधारा ओटा हे सारे एकाच फोटोत स्पष्ट दिसते ते यामुळे. अशा छायाचित्रात एक क्षण नसतो, तर कळ दाबण्याच्या अगोदरचेही काही क्षण मिसळलेले असतात.

येथवर गणिताने उपकारच केले आहेत, यात शंका नाही. शंका येते ती पुढच्या पायरीवर, जेथे यंत्र चित्र स्वच्छ करण्यावर न थांबता ते कसे दिसावे हेही ठरवते. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या सोयीत कोणती वस्तू जवळ आणि कोणती दूर याचा अंदाज बांधून पुसट करण्याची क्रिया होते, आणि मोकळ्या केसांच्या कडेला किंवा नथीच्या मोत्यांपाशी हा अंदाज चुकलेला बारकाईने पाहिल्यास दिसतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवर काढलेल्या चंद्राच्या छायाचित्रांत भिंगाला न दिसलेला तपशील यंत्रानेच भरल्याचा आक्षेप घेतला गेला आणि त्यावर बराच वाद झाला. या दोहोंपेक्षा गंभीर बाब चेहऱ्याची आहे. रंगीत फिल्मच्या काळातही रंगांचे संतुलन गोऱ्या कातडीच्या नमुना-छायाचित्रांवरून ठरवले जाई आणि सावळे चेहरे त्यात काळवंडत. आता अनेक फोनमधली सौंदर्य वाढवणारी सोय सावळा वर्ण परस्पर उजळ करते आणि सुरकुत्या पुसते. विचारल्याशिवाय आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या काढून टाकणे ही सुधारणा म्हणता येत नाही, तो खोटेपणा आहे. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये बंद करता येते आणि ती बंदच ठेवावी.

स्मार्टफोनने दिलेली मोठी देणगी सामाजिक आहे. जुन्या अल्बममध्ये कॅमेरा धरणारा, म्हणजे बहुधा घरातला कर्ता पुरुष, क्वचितच दिसतो, आणि स्वयंपाकघर किंवा शेतातले रोजचे काम तर जवळजवळ नसतेच, कारण त्यावर फिल्म खर्च करणे कोणाला परवडत नव्हते. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि ज्यांनी कधी कॅमेरा हाताळला नव्हता अशा असंख्य स्त्रिया, मजूर, शेतकरी स्वतःच्या आयुष्याची छायाचित्रे काढू लागले. छायाचित्राचा उपयोगही पालटला. डॉक्टरांची चिठ्ठी, विजेच्या मीटरचा आकडा, कीड पडलेले कपाशीचे पान यांचा फोटो निघतो तो आठवण म्हणून नव्हे, तर कोणाला तरी दाखवण्यासाठी. महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत, पूर्वी तलाठी करीत असलेली पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवर शेताचे छायाचित्र काढून करू शकतो. त्या छायाचित्राला स्थळाची नोंद जोडलेली असते आणि ती नोंद सातबाऱ्यापर्यंत पोहोचते. घरगुती कॅमेऱ्याला असे अधिकृत स्थान पूर्वी कधीच नव्हते.

कॅमेऱ्यांच्या धंद्यावर याचे परिणाम झाले ते उघड आहेत. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते, तर २०२३ मध्ये ही संख्या ऐंशी लाखांच्याही खाली होती. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

उरतो तो जतनाचा प्रश्न, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. निगेटिव्ह दमटपणापासून जपली तर पन्नास वर्षांनीही तिच्यावरून फोटो छापता येतो. फोनमधली छायाचित्रे फोन हरवला की जातात, आणि जी व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांकडे पोहोचलेली असतात ती पाठवतानाच सहसा लहान केली जातात व त्यांच्यातली तारीख आणि स्थळ यांची नोंद पुसली जाते. गूगल फोटोजने २०१५ पासून दिलेली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा परक्याच्या कोठारावर किती विसंबावे हेही स्पष्ट झाले. रोलच्या काळात कळ दाबण्याआधी होणारी निवड आता मागाहून करायची असते आणि ती होतच नाही, हे खरे दुखणे आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, घरातल्या सर्वांनी बसून वर्षभरातली शंभर-दीडशे छायाचित्रे निवडावीत, त्यांच्या मूळ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवाव्यात, थोडी छापून घ्यावीत आणि छापलेल्या प्रत्येकामागे माणसांची नावे, गाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. जुन्या अल्बममधली नावेही ती सांगू शकणारी वडीलधारी माणसे घरात आहेत तोवर विचारून घ्यावीत.