श्वास देणाऱ्या यंत्राची परीक्षा

कोपनहेगनमध्ये 1952 साली पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि हातानं पिशवी दाबत त्यांना श्वास देत राहिले. आपत्कालीन व्हेंटिलेटरमध्ये त्या हाताचं काम मोटर करते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 2010मध्ये अंबू बॅग, म्हणजे अशीच हातानं दाबायची पिशवी, दाबणारं छोटं यंत्र बनवलं. मार्च 2020मध्ये त्याची सुधारित रचना सर्वांसाठी खुली झाली.

त्याच धर्तीच्या एका यंत्राची चाचणी मी पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये पाहिली. दोन पात्यांमध्ये अंबू बॅग, आणि नळीच्या टोकाला रुग्णाऐवजी टेस्ट लंग, म्हणजे चाचणीचं कृत्रिम फुप्फुस. पाती मिटली, टेस्ट लंग फुगलं. हवा ढकलणं जमलं होतं. ती मोजून देणं बाकी होतं.

हवा जास्त झाली तर फुप्फुसालाच इजा होते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, फुप्फुसं गंभीरपणे निकामी झालेल्या रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे 12ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं. हे वजनही काट्यावरचं नसतं, उंचीवरून काढलेलं असतं.

मग टेस्ट लंग मुद्दाम ताठर केलं. पाती आधीइतकीच मिटली, पण दाब चढला आणि हवा कमी पोचली. काही हवा बॅगेत आणि नळ्यांतच दबून राहिली. म्हणजे पाती किती मिटली यावर भरवसा ठेवता येत नाही, प्रवाह नळीतच मोजावा लागतो. पुढे नळीत अडथळा घातला. मिनिटाला 20 श्वास म्हणजे एका श्वासाला 3 सेकंद: 1 आत घ्यायला, 2 सोडायला. अडथळ्यामुळे तेवढ्या वेळात हवा पुरती बाहेर पडेना आणि पुढचा श्वास तिच्यावर चढू लागला.

शेवटी यंत्राच्या इंजिनिअरनं नळी ओढून काढली, मुरगळली, वीज तोडली. प्रत्येक वेळी चाचणीला हजर असलेल्या भूलतज्ज्ञ एकच विचारत होत्या: अलार्म किती वेळात वाजला? त्यानंतर यंत्र सलग चालत ठेवलं, कारण या वेगानं दिवसाला 28,800 श्वास होतात आणि अंबू बॅग मुळात थोडा वेळ हातानं दाबण्यासाठी असते.

असं यंत्र अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरची जागा घेत नाही. तो मिळेपर्यंतचा वेळ निभावतं. तेवढ्या वेळातही रुग्णाचा जीव त्याच्यावरच असतो. म्हणून ते किती स्वस्त आणि किती लहान, हे विचारण्याआधी ते बिघडलं तर कुणाला, किती लवकर कळेल, हे विचारायला हवं.