अनुभव आणि उमेद : शाखेतील दोन पिढ्या

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या व्यापारी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० मध्ये आणखी सहा बँकांची त्यात भर पडली. शाखाविस्ताराच्या त्या पर्वात मोठी नोकरभरती झाली. पुढे भरती मंदावली आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत अनेक अनुभवी कर्मचारी बाहेर पडले. सार्वजनिक बँकांतील मनुष्यबळाचा विचार करणाऱ्या खंडेलवाल समितीने २०१० मध्ये येऊ घातलेल्या मोठ्या निवृत्तींकडे लक्ष वेधले. २०११ पासून आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेतून तरुण कर्मचारी येऊ लागले. परिणामी कित्येक शाखांत मधली फळीच विरळ झाली. घरात आजोबा आणि नातू असावेत, पण कर्ता मुलगा नसावा, तशी ही अवस्था!

१९९० च्या आसपास विशीत रुजू झालेली मंडळी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. जाड खातेवह्यांची बेरीज जुळेपर्यंत घरी न जाण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणवली. नव्या पिढीने पहिल्या दिवसापासून संगणकाचा पडदाच पाहिला. सेवाशर्तीही बदलल्या. १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. त्यामुळे तरुणाने बाहेरच्या संधीचा विचार केला, तर त्याला निष्ठेचा अभाव म्हणणे अन्यायाचे ठरते. तसेच, नव्या ॲपपाशी अडखळणाऱ्या ज्येष्ठाला कालबाह्य ठरवणेही अयोग्यच.

खरा धोका ज्ञान हरवण्याचा आहे. वचनचिठ्ठीवरील कर्जाच्या वसुलीदाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी कर्जदाराची लेखी कबुली घेतली, तर मुदत नव्याने सुरू होते. संगणक तारीख दाखवील. पण कोणत्या कर्जदाराकडे केव्हा जावे आणि कसे बोलावे, हे अनुभवच शिकवतो. उलट, यूपीआयच्या नावाने आलेला फसवा संदेश तरुण कर्मचारी चटकन ओळखतो आणि एखाद्या निवृत्त खातेदाराची आयुष्यभराची पुंजी वाचते.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. निवृत्तीला सहा महिने उरले असता ज्येष्ठासोबत एक कनिष्ठ सहकारी नेमावा. कर्जदारांच्या भेटीला दोघांनी मिळून जावे. डिजिटल व्यवहारांचे धडे तरुणाने द्यावेत, मात्र ग्राहकांसमोर ज्येष्ठाची चूक काढू नये. अधिकारी वयाने लहान असेल, तर निर्णय त्याचाच राहावा. परंतु तो घेण्यापूर्वी जुन्या सहकाऱ्याचे मत विचारण्यात कमीपणा नाही. परप्रांतातून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला गावाची भाषा आणि माणसे समजावून देणे, हेही ज्येष्ठांचेच काम. आणि यशाचे श्रेय दोघांच्या नावे नोंदले जावे.

निरोपसमारंभात शाल-श्रीफळ आवर्जून दिले जाते. त्याआधी त्या माणसाजवळचे ज्ञान शाखेने मागून घेतले, तर तो सन्मान अधिक सार्थ होईल. कारण काउंटरपलीकडे कोणत्या पिढीचा कर्मचारी बसला आहे, याच्याशी ग्राहकाला कर्तव्य नसते. आपले काम बिनचूक आणि आपुलकीने व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.