घरचा दूरध्वनी बंद करताना

घरातील एखादी वस्तू निरुपयोगी झाली म्हणजे ती काढून टाकण्यात विचार तो काय करावयाचा, असे सामान्यतः मनुष्याला वाटते. पाटा-वरवंटा गेला, पाणी तापविण्याचा बंब गेला, कंदील गेला. त्यांच्या जाण्याने कोणाचे फारसे अडले नाही. घरच्या दूरध्वनीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. भिंतीजवळच्या तिवईवर ठेवलेल्या त्या यंत्राकडे घरातील कित्येक कामे कोणी न सोपविता आपोआप आलेली होती. यंत्र काढले म्हणजे ती कामे नाहीशी होत नाहीत. ती फक्त बेवारस होतात. सोलापुरातील पुष्कळ घरांतून तारेचा दूरध्वनी बंद करून केवळ मोबाईलवर भागविण्याचा निर्णय होऊन चुकला आहे, आणि कित्येक घरांतून त्याची चर्चा चालू आहे. हा निर्णय बहुधा योग्यच असतो. तो अमलात आणण्याची रीत मात्र पुष्कळदा चुकते, आणि त्या चुकीचा भार घरातील सर्वांत वृद्ध माणसावर पडतो.

हा दूरध्वनी घरात आला कसा, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भारतात दूरध्वनीची पहिली केंद्रे १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे निघाली. कलकत्त्याच्या केंद्राला आरंभी अवघे ९३ वर्गणीदार होते. पुढे कित्येक दशके हे साधन कचेऱ्या, पेढ्या, गिरण्या आणि मोठे डॉक्टर-वकील यांच्यापुरतेच राहिले. परगावी बोलावयाचे झाल्यास केंद्रात ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत, व घाई जितकी अधिक तितके दाम अधिक. वर्गणीदाराने स्वतःच क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय प्रथम १९६० साली कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान झाली. ती देशभर पसरल्यावरही घरी नवा दूरध्वनी मिळावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. त्यामुळे आळीत एखाद्याच घरी दूरध्वनी असे आणि तो सगळ्या आळीचा असे. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा क्रमांक छापून त्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे घालण्याचा प्रघात होता. ‘जरा समोरच्या काकूंना हाक मारता का?’ असा निरोप आला म्हणजे घरातले पोर धावत जाई आणि काकू पदराला हात पुशीत येत. अशा प्रतीक्षेनंतर लाभलेली वस्तू सहजासहजी काढून टाकण्यास वडीलधाऱ्यांचे मन घेत नाही, यात नवल नाही.

त्या वस्तूचे दिवस फिरले ते मोबाईलमुळे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले, आणि भारतात या साधनाचा आरंभ झाला. प्रथम आलेल्या बोलण्याचेही पैसे ज्याला ते आले त्याने भरावयाचे असत, म्हणून सामान्य गृहस्थ त्यापासून दूर राहिला. २००३ साली ही आकारणी थांबली. पुढल्याच वर्षी, म्हणजे २००४ साली, देशातील मोबाईलची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. २०२० च्या मार्चमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार तारेचे दूरध्वनी सुमारे दोन कोटी उरले होते. १५ जानेवारी २०२१ पासून तर तारेच्या दूरध्वनीवरून मोबाईलला बोलावयाचे असल्यास अगोदर शून्य फिरविणे सक्तीचे झाले. मोबाईलसाठी नवे क्रमांक उपलब्ध व्हावेत, हा त्यामागील हेतू. ज्याच्यासाठी पूर्वी वाट पाहावी लागे, त्याच्यावरच आता वाट करून देण्याची पाळी आली.

सोलापूरच्या गृहस्थाची या बाबतीतील कारणेही विचार करण्यासारखी आहेत. मुले शिकून पुण्या-मुंबईस किंवा हैदराबादेस गेली, आणि ती बोलतात ती मोबाईलवर. बँक, गॅस, आधार यांच्या कामी एकदाच वापरावयाचा जो संकेतांक येतो, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, तो लघुसंदेशाने येतो. घरच्या जुन्या दूरध्वनीवर लघुसंदेश उमटत नाही. रस्ता खणला गेला आणि जमिनीखालची तांब्याची केबल तुटली, की दूरध्वनी कित्येक दिवस मुका होऊन बसतो. भारत संचार निगमच्या सुमारे ७८,००० कर्मचाऱ्यांनी २०२० च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा तारा ओळखणारे जुने जाणते हातही पुष्कळसे गेले. इतके असूनही मासिक भाडे मात्र बोलणे होवो अथवा न होवो, द्यावेच लागते. एका कामासाठी दोन वर्गण्या कशाला भरावयाच्या, हा प्रश्न रास्त आहे.

तर मग या दूरध्वनीजवळ असे काय होते, की जे मोबाईलजवळ नाही? पहिली गोष्ट यंत्राच्या रचनेतच आहे. तारेचा दूरध्वनी म्हणजे घरापासून केंद्रापर्यंत गेलेली तांब्याच्या दोन तारांची जोडी. या जोडीवर केंद्रातील बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्ट दाबाची एकदिश वीज सतत दिलेली असते. यंत्रावर श्रवणी ठेवलेली असते तोवर मंडल तुटलेले असते. ती उचलली की मंडल पुरे होते, प्रवाह वाहू लागतो, आणि अमुक घरच्या माणसाला बोलावयाचे आहे हे केंद्राला त्यावरून कळते. जुन्या तबकडीवर २ फिरविले की हा प्रवाह दोनदा तुटे, शून्य फिरविले की दहा वेळा. केंद्र ते खंड मोजून क्रमांक ओळखी. बोलण्यास लागणारी सर्व वीज अशा रीतीने केंद्रातून येत असल्यामुळे घरातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही. केंद्राजवळ बॅटऱ्या असत आणि त्यांच्या पाठीशी डिझेलचे जनित्रही असे.

सोलापुरात वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, वारा सुटतो, झाडाची फांदी विजेच्या तारांवर पडते आणि पेठच्या पेठ अंधारात बुडते. अशा वेळी भिंतीजवळचे ते काळे यंत्र उचलले की कानात तोच संथ सूर ऐकू येई. मोबाईलची गोष्ट वेगळी. त्याला स्वतःच्या बॅटरीत वीज लागते, आणि ज्या मनोऱ्याशी त्याचे बोलणे चालते त्या मनोऱ्यालाही वीज लागते. मनोऱ्यावर बॅटऱ्या असतात, परंतु त्यांची शक्ती बहुधा काही तासांची. म्हणजे दोन ठिकाणी वीज शाबूत असेल तरच बोलणे होणार.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ज्या घरी इंटरनेटसाठी काचतंतूची जोडणी आली आहे, तेथे तिच्याबरोबर दूरध्वनीचा क्रमांकही पुष्कळदा मिळतो. देशातील तारेच्या वर्गणीदारांची संख्या २०२० नंतर पुन्हा वाढून २०२४ पर्यंत तीन कोटींच्या वर गेली, ती मुख्यतः या जोडण्यांमुळे. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरातील पेटीला घरचीच वीज लागते, आणि ती गेली की पेटीबरोबर दूरध्वनीही बंद. बिनतारी श्रवणीचा दूरध्वनी ज्यांच्याकडे होता, त्यांना हा जुना लाभ तर पूर्वीही नव्हता. तेव्हा ‘आपल्याकडे अजून लँडलाइन आहे’ एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. ती तांब्याची आहे की काचतंतूची, हे अगोदर पाहावे.

दुसरी गोष्ट यंत्राची नसून क्रमांकाची आहे. सोलापूरचा संकेतांक ०२१७. आरंभीचे शून्य सोडले तर हे तीन अंक आणि शहरातील क्रमांकाचे सात, मिळून दहा होतात. या दहांपैकी पहिले तीन गाव सांगत आणि पुढचे सात घर सांगत. मोबाईलचेही अंक दहाच. परंतु ते गावही सांगत नाहीत आणि घरही सांगत नाहीत. ते एक माणूस सांगतात, मग तो सात रस्त्यावर असो की पुण्याच्या हिंजवडीत. सोलापूरच्या घरांचे नातेसंबंध मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषांतून पसरलेले. विजापूरची आत्या किंवा हैदराबादचे मामा दूरध्वनी करीत तो घराला. घरातील जो कोणी जवळ असेल तो उचली, चार शब्द बोले आणि मग श्रवणी हातोहात फिरे. आजीला मुद्दाम कोणी दूरध्वनी केला नाही, तरी तिचे बोलणे होऊन जाई. आता मामा बोलतात ते भाच्याशी. भाचा त्या वेळी कचेरीत असतो, आणि आजीला ते बोलल्याचे संध्याकाळी कळते, किंवा कळतही नाही.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अडचणीच्या वेळेची आहे. दूरध्वनी एकाच जागी असे. रात्री अंधारातही हात बरोबर तेथे जाई. त्याला पासवर्ड नसे, काच घासावी लागत नसे, आणि तो कोणाच्या खिशातून घराबाहेर जात नसे. ज्या घरी सून आणि मुलगा सकाळी नऊला बाहेर पडतात, त्या घरी दुपारी चक्कर आलेल्या आजीजवळ कोणते साधन उरते? घरात मोबाईल चार आहेत हे खरे. परंतु ते चारही त्या वेळी घराबाहेर असतात. ‘घरी मोबाईल आहेत’ आणि ‘माणसांजवळ मोबाईल आहेत’ या दोन वाक्यांतील अंतर ते हेच.

हे सर्व ध्यानात घेतल्यावर जुनी तार जपून ठेवावी असा निष्कर्ष काढावयाचे कारण नाही. ती आज ना उद्या जाणारच आहे. तिची कामे मात्र नव्या व्यवस्थेकडे रीतसर सोपविली पाहिजेत. त्यासाठी सर्वांत प्रथम एक मोबाईल घराचा म्हणून ठरवावा. तो साधा, मोठ्या कळांचा आणि मोठ्या आवाजाचा असावा. त्याची जागा जुन्या दूरध्वनीचीच ठेवावी, तो तेथेच चार्ज व्हावा, आणि कोणीही तो घराबाहेर नेऊ नये. मुलांचे, शेजाऱ्यांचे, डॉक्टरांचे क्रमांक, तसेच तातडीच्या मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. त्यांच्याखाली घराचा संपूर्ण पत्ताही लिहावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता नेमका सांगता येत नाही. वीज साठविणारी एक लहानशी पॉवर बँक भरून जवळ ठेवली, म्हणजे अंधाऱ्या रात्रीची निम्मी चिंता मिटते. उरलेली निम्मी मनोऱ्याची. तिच्यावर उपाय म्हणून घरातील दोन मोबाईल दोन निरनिराळ्या कंपन्यांचे असावेत.

या मोबाईलचे रिचार्ज कोणी करावयाचे, हेही नेमून द्यावे. तारेचे बिल घरी येई आणि आठवण देई. फारसा न वापरलेला मोबाईल मात्र गुपचूप बंद पडू शकतो. ९० दिवस वापर झाला नाही, तर कंपनीला तो क्रमांक बंद करण्याची मुभा असते, व पुढे तोच क्रमांक दुसऱ्याला दिला जातो.

त्यानंतर जुना क्रमांक कोठे कोठे नोंदविलेला आहे, याची यादी करावी. बँक, विमा, गॅस, वीज, निवृत्तिवेतन, दवाखान्याचे कागद, मुलांच्या शाळा आणि परगावची जुनी मंडळी, अशी ही यादी वाटते त्याहून लांब निघते. २०११ पासून मोबाईलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आहे. परंतु तारेच्या दूरध्वनीचा क्रमांक मोबाईलवर नेता येत नाही. तो सुटला की सुटला. म्हणून नवा क्रमांक सर्वांना कळवून झाल्यावर जुना निदान महिनाभर चालू ठेवावा. त्या महिन्यात जो जो त्यावर बोलेल, त्याला नवा क्रमांक सांगता येतो. यादीत न आलेली माणसे याच महिन्यात सापडतात, आणि त्यांत वर्षातून एकदाच, संक्रांतीला किंवा गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, विचारपूस करणारी वृद्ध मंडळी असतात. त्यांच्याजवळ दुसरा क्रमांक नसतो.

शेवटची पायरी कागदोपत्री आहे. बिल भरणे थांबविले म्हणजे दूरध्वनी आपोआप बंद होतो, असे मानून स्वस्थ बसू नये. थकबाकी मात्र तशाने उभी राहते. लेखी अर्ज द्यावा, यंत्र कंपनीचे असल्यास परत करून पावती घ्यावी, आणि जोडणी घेताना भरलेली अनामत रक्कम बाकी वजा जाता परत मागावी. ती रक्कम लहान असेल, परंतु ती मागण्याचा वर्गणीदाराला हक्क आहे.

तात्पर्य, दूरध्वनी ठेवावा की काढावा, हा प्रश्न खर्चाच्या हिशेबाने सुटतो. तो काढल्यावर काय करावयाचे, हा मात्र घरातील माणसांच्या हिशेबाने सोडवावा लागतो. ज्या दिवशी तार काढावयाची, त्याच्या आदल्या दिवशी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला नव्या यंत्रासमोर बसवावे, आणि कोणाचीही मदत न घेता त्याला मुलाशी बोलून दाखविण्यास सांगावे. ते त्याला साधले, तर जुना दूरध्वनी खुशाल बंद करावा. न साधले, तर आणखी एक महिन्याचे भाडे भरावे. तेवढ्या अवधीत ते शिकविता येते.